दोन मागांपुरतं

वडगावात आमच्या गल्लीत
करंट गेला की आधी कान उघडतात.
छत्तीस माग एकदम थांबतात,
धोटा जिथल्या तिथं, अर्ध्या वाटेत,
आणि मग ऐकू येतं
कुणाचं तरी मूल कधीचं रडत होतं ते,
नेमाण्णाचा खोकला,
कुठंतरी कढीला दिलेली फोडणी.

सिद्राय, माझ्या बहिणीचा, उद्यमबागेत लेथवर असतो.
त्यानं ते कपाट आणून मागच्या पडवीत बसवलं.
फ्युएल सेल म्हणतात त्याला.
"मावशी, जळतंय खरं जाळ नाही.
धूर नाही, आवाज नाही."
मी वाकून बघितलं.
इतकं मुकाट्यानं जळणारं
आमच्या घरात आजवर एकच माणूस होतं, माझी थोरली जाऊ.

एका बाजूनं कॅनमधलं मळीचं स्पिरिट आत जातं,
दुसऱ्या बाजूनं नळीतून पाणी ठिबकतं, कोमट.
मधल्या मधे
दोन मागांपुरता करंट.

पहिल्याच गुरुवारी लाईन गेली.
चौतीस थांबले.
माझे दोन, खटाक् खट खटाक् खट,
स्वतःच्या घराचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
पंगतीत बाकीच्यांची पानं मांडायची आहेत
आणि आपण जेवायला लागलोय, तसं झालं.
कट्ट्यावर बायका जमलेल्या.
यल्लूबाई काही बोलली नाही,
पदर झटकला नुसता.

रात्री हुसेनसाब वायरीचं भेंडोळं घेऊन आला.
"अक्का, माग नको. एकच बल्ब.
पोरीचा पेपर आहे की उद्या."
मग नेमाण्णाच्या वाफेच्या मशीनला एक,
मग यल्लूबाईच्या फ्रिजला, तिच्या इन्सुलिनपायी.
महिन्याभरात माझ्या खिडकीतून पाच वायरी गेल्या.
खांबावरच्या ज्या गुंत्याला जन्मभर हसलो
तो आता माझ्याच गजांना.

फुकट कुणाला नको होतं.
"बिल दे," म्हणाले.
सिद्रायनं कागद पुढं केला, पेन दिलं,
आणि मी थांबले.
कुठल्या भाषेत?

हेस्कॉमचं बिल कानडीत येतं.
आम्ही आकडा तेवढा वाचला
आणि उरलेल्या अक्षरांवर चाळीस वर्षं भांडलो.
माझा नवरा तर एकदा दोन रात्री आत बसून आला त्यापायी.
यल्लूबाईला कानडीच येतं,
हुसेनसाब उर्दूत हिशेब लिहितो,
नेमाण्णाला मराठी येतं, चष्मा सापडला तर.
पेन हातात आलं की कळतं,
आपल्याला सोपं ते सगळ्यांना सोपं
असं वाटायला किती कमी वेळ लागतो.

कागद परत दिला.
ताण्यातलं उरलेलं सूत घेतलं, पाच तुकडे,
खिडकीच्या गजाला बांधले.
एका रात्रीला एक गाठ.
गाठ आमच्या गल्लीत सगळ्यांना वाचता येते.

पाण्याचं मात्र कोडं होतं.
थेंब थेंब करून रोज घागरभर.
मी ते खळीत घालते, सूत छान ताठ राहतं.

परवा फकिराप्पा आला मीटर बघायला.
ह्याच खांबावरून पडून त्याचा डावा खांदा गेलाय,
तेव्हापासून वर चढत नाही, खालून आकडे टिपतो.
मीटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
खिडकीतल्या गाठींकडं बराच वेळ बघितलं.
ऊन होतं. तांब्या दिला, तोच घागरीतला.
एक घोट घेऊन थांबला.
राकसकोपचं नव्हे, हिडकलचंही नव्हे,
चवच नाही त्याला.
"याव ऊर?" म्हणाला.
कुठल्या गावचं?

मी पडवीकडं हात केला.
तो हसला. उरलेलं पिऊन टाकलं.
"तोडायचं का मग कनेक्शन?"

मळीचा टेम्पो सोमवारी यायचा होता, आला नव्हता.
कॅन हलवला तर आत चार बोटं उरलेलं.
"राहू दे की," म्हटलं,
"राहू दे सध्या."